दांडीवरचा रंग

हरिसिंगचं पत्र आलं तेव्हा आखाड लागायचा होता. आता श्रावण सरत आला, पोळा तोंडावर आला, तरी किसनरावांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्रांना उत्तरं न देणाऱ्यांपैकी ते नव्हते. आर्णीतल्या एका वाचनालयात त्यांचा उभा जन्म गेला होता, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक कागदाला त्यांनी उत्तर दिलं होतं. प्रकाशकांची छापील सूचिपत्रं आली तरी ते 'सूचिपत्र मिळाले, खरेदी शक्य नाही, क्षमस्व' असं लिहून पाठवत. लग्नपत्रिकेलाही पोच देत. हे एकच पत्र मात्र त्यांनी जाड शब्दकोशात घालून ठेवलं होतं. शब्दकोश उघडला की ते टपकन मांडीवर पडे. म्हणून त्यांनी शब्दकोश उघडणंच बंद केलं, आणि हल्ली बऱ्याच शब्दांचे अर्थ त्यांना अंदाजाने लावावे लागत होते.

पत्रात तसं काही भयंकर नव्हतं. हरिसिंगने लिहिलं होतं: 'किसन, मोतीबिंदू काढला. आता लांबचंही दिसते. कानानं मात्र राजीनामा देला, म्हणून फोन करू नको, पत्रच लिही. आपली सायकल आहे का अजून? मले एकडाव पाहाची आहे. नातीले सांगतो तं ते हासते. तू चालवतं ना तिले? पोळा झाला की येतो. पण तू लिहिलं तरच. बिनबोलावता कोणाच्या दारात जाणं आता जमत नाही.'

सायकल होती. उत्तर अडलं होतं ते पुढच्या प्रश्नावर.

ती सायकल मूळची हरिसिंगची. कॉलेजात असताना दोघं लोहाऱ्याला एका खोलीत राहायचे. तिथून यवतमाळला कॉलेजात जाताना हरिसिंग पायडल मारी आणि किसन पुढे दांडीवर बसून वह्या मोठ्याने वाचून दाखवी. चढावर इतिहास, कारण चढ सावकाश सरे. उतारावर अर्थशास्त्र, कारण ते लवकर संपलेलं बरं. हरिसिंग म्हणायचा, 'मी बी.ए. कानानं झालो.' पुढे जंगलखात्यात नोकरी लागून तो लांब निघाला, तेव्हा सायकल किसनच्या हाती देऊन म्हणाला, 'आता तरी शिकून घे लेका.'

किसनराव शिकले नाहीत. एकदा प्रयत्न झाला होता. त्यात एक म्हैस आणि त्यांचा आत्मविश्वास, दोघंही जखमी झाले. म्हैस बरी झाली.

तेव्हापासून सायकल घेऊन ते पायीच हिंडत. हँडलला दोन्ही बाजूंनी पुस्तकांच्या पिशव्या अडकवायच्या आणि म्हातारेकोतारे वाचक, आजारी माणसं, घराबाहेर न पडणाऱ्या बाया यांच्या दारापर्यंत चालत जायचं. एवढ्या ओझ्यानिशी सायकलवर बसणार तरी कसं, असं लोकांना वाटत असणार, अशी किसनरावांची समजूत होती. खरी गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या पत्नीला, विमलताईंना माहीत होती, आणि विमलताई ती वर्षातून एखाद्याच वेळी, खास भांडणात वापरत.

तर या प्रश्नाला काय लिहावं? रोज सकाळी ते विचार करीत आणि रोज संध्याकाळी दमून जात. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. मालक दाखवण्यासारखा नसेल तर निदान सायकल तरी असावी. आधी ती नीटनेटकी करू, मग लिहू. तिचा मूळचा गर्द हिरवा रंग बाकी बराच टिकला होता. फक्त दांडीवर मधोमध हातभर उडाला होता. कॉलेजची सगळी वर्षं किसन तिथेच बसला होता. मडगार्डाच्या कडेलाही थोडं लोखंड दिसत होतं. तेवढ्या दोन जागी हात फिरवला की झालं. एका दुपारचं काम.

किसनरावांच्या आयुष्यातली बरीच कामं एका दुपारचीच होती.

रंगाच्या दुकानात पोळ्याची झुंबड होती. घुंगरं, झुली, गोंडे, बेगड, आणि पुढे मांडलेल्या लहान लहान डब्यांमध्ये बैलांच्या शिंगांचे रंग. किसनराव सगळ्यांच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागून आलेले तीन-चार जण पुढे जाऊन सामान घेऊन गेले, तेव्हा दुकानदाराचं लक्ष गेलं.

"काका, तुमाले काय पाह्यजे?"

"रंग. हिरवा. थोडासाच."

"किती शिंगं हायत?"

शिंगं नाहीत, सायकल आहे, एवढंच सांगायचं होतं. पण मागून कोणीतरी कोपर लावलं, पुढून कोणीतरी वळून पाहिलं, आणि भर गर्दीत आपली वेगळीच मागणी सांगायची म्हणजे किसनरावांच्या जिवावर येई.

"दोन," ते म्हणाले.

"दोनच? म्हणजे एकच बैल?" दुकानदाराचा हात थांबला. "जोडीचा गेला का काका?"

"हो," किसनराव म्हणाले. नाही म्हटलं असतं तर पुढे बरंच बोलावं लागलं असतं.

एका शेतकऱ्याने बाकावर जागा करून त्यांना बसवलं. दुसऱ्याने विचारलं, "कशानं गेला?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच मान हलवत म्हणाला, "लम्पीच असन. दुसरं काय." दुकानदाराने डबीबरोबर एक लाल गोंडा बळेच हातात दिला. "राहू द्या काका. उरल्याले बांधा. त्याले तरी वाटू नये का आपुन एकटे पडलो."

किसनराव रंगाची डबी, गोंडा आणि अर्ध्या बाजाराची सहानुभूती घेऊन घरी आले.

"हा गोंडा कायचा?" विमलताईंनी विचारलं.

"रंगावर मिळाला."

"सायकलच्या रंगावर गोंडा देतेत?"

"सणाचे दिवस आहेत," म्हणून ते अंगणात गेले.

डबी उघडली तर आत पोपटी रंग. वाळल्यावर रंग गडद होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. कुठे ते आठवत नव्हतं. दांडीवर त्यांनी ब्रशने पट्टा ओढला, मडगार्डावर कड ओढली आणि जरा लांब जाऊन पाहिलं. गर्द हिरव्या दांडीवर पोपट येऊन बसावा तसं ते दिसत होतं. संध्याकाळी रंग जरासा सुकला, तसा पोपट आणखी तरतरीत झाला.

"अवो, थे ठिगळ तं दिसत होतं तितकं बरं होतं," विमलताई म्हणाल्या. "आता थे रस्त्यावरून दिसते."

शेजारच्या जोहराबी कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांना कुठल्याही गोष्टीवर इलाज ठाऊक असे, आणि तो बहुतेक वेळा घरातच असे.

"अरे किसनभाऊ, ये क्या कर दिया? सायकल हाय का पोपट? थांबा, रॉकेल लगाव. सगळं निघून जाते."

रॉकेल आता कुठे मिळत नाही, पण जोहराबींनी जुन्या कंदिलासाठी एक बाटली जपून ठेवली होती. ती त्यांनी उदारपणे भिंतीवरून दिली. किसनरावांनी फडकं बुडवून दांडी पुसली. पोपटी रंग निघाला, हे खरं. पण निघून तो कुठे गेला नाही. फडक्याने तो दांडीवरून हँडलवर, हँडलवरून चेनकव्हरवर आणि तिथून किसनरावांच्या धोतरावर गेला. पुसता पुसता सगळ्या सायकलवर शेवाळ धरल्यासारखी एक पातळ साय पसरली, आणि तिच्याखाली मूळचा हिरवा कुठेच दिसेना.

"आता?" किसनराव म्हणाले.

"आता अफरोज पाह्यते," जोहराबी म्हणाल्या. त्यांच्या इलाजांचा दुसरा भाग नेहमी अफरोज असे.

अफरोज त्यांचा मुलगा. बसस्टँडकडे त्याचं मोटारसायकली रंगवायचं दुकान होतं. त्याने सायकलभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं किसनरावांना बाजूला घेतलं.

"चाचा, आता टचिंगचं काम राह्यलं नाही. पूर्णच मारा लागते. मी काय म्हणतो, टाकीवर वाघ काढून देऊ का?"

"सायकलला टाकी नसते, अफरोज."

"मंग चेनकव्हरवर काढतो. जरा लांबट होईन. पण वाघच दिसन."

"मला आधीचा हिरवा हवा आहे. गर्द. होता तसा."

अफरोजने हळहळून मान हलवली. "थो हिरवा आता कंपनीपाशीच नसन चाचा. अन् पोळ्याच्या हप्त्यात बाजारात काय मिळते? लाल, पिवळा, निळा अन् हा पोपटी. सगळे शिंगांचेच. मी तं म्हणतो पोपटीच मारू. निदान आधी लावलेल्यासंग म्याचिंग तरी होईन."

किसनरावांना हे चूक आहे असं आतून वाटत होतं. पण आतून वाटणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास कमी होता. त्यांनी मान डोलावली. सायकलवर एकमत झालं आहे असं वाटत असतानाच समोरच्या घरातला रवी मोबाइल खाली ठेवून बाहेर आला. रवी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देई, त्यामुळे सरकारचा निम्मा कारभार आपल्याच बोटांतून जातो असं त्याला वाटायचं.

"काका, पयले एक सांगा. तुमचा बैल गेला म्हणे? कधी घेतलता तुमी बैल?"

"ते... वेगळं आहे," किसनराव म्हणाले.

"बरं. पण गाडीचा पूर्ण रंग बदलवता, तं परमिशन घेतली का? आरसीवर चढवा लागते. नाही तं पकडतेत."

"पण ही सायकल आहे."

"मले म्हाइत आहे सायकल आहे. पण काका, नियम रोज बदलून राह्यले. मी म्हणत नाही लागतेच म्हणून. विचारून घ्यायले काय जाते?"

विचारून घ्यायला काय जातं, हे रवीला ठाऊक नव्हतं, कारण त्याला विचारायची लाज कधी वाटली नव्हती. किसनराव मात्र त्या रात्री नीट झोपले नाहीत. हरिसिंग नातीला घेऊन येतो आहे, दारात सायकल उभी आहे, आणि पोलीस ती घेऊन जात आहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. सकाळी ते एस.टी.त बसून जिल्ह्याच्या गावी गेले आणि गाड्यांच्या नोंदी होतात त्या कार्यालयात रांगेत उभे राहिले. रांग लांब होती आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. किसनरावांच्या हातात पिशवी होती, तिच्यात डबा आणि एक पुस्तक.

खिडकीत एक बाई होत्या. "काय काम आहे?"

"रंग बदलायचा आहे."

"आरसी द्या."

"ती नाही."

"हरवली का?"

"मिळालीच नव्हती कधी."

बाईंनी मान वर केली. "म्हणजे बिनानोंदीची गाडी चालवून राह्यले तुमी?"

"चालवत नाही हो," किसनराव कळवळून म्हणाले. "कधीच चालवली नाही."

"मॉडेल कोणतं?"

"एकाहत्तर सालचं."

"एकाहत्तर! काका, थे तं भंगारात काढा लागते आता. बरं, इंजिन नंबर तरी सांगा."

किसनराव घाबरले की त्यांच्या तोंडून निव्वळ खरं तेवढंच बाहेर पडे.

"इंजिन हरिसिंग होता," ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवला. "गाडी कोणती म्हणता तुमी?"

"सायकल," किसनराव म्हणाले. इतक्या वेळात हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता.

मागची रांग हसली. पार शेवटच्या माणसापर्यंत हसू जाऊन पोचलं, आणि शेवटच्या माणसाने का हसतो आहोत हे विचारल्यावर परत पुढे आलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "काका, जेवले का तुमी? संग कोणी आलं आहे का?"

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं किसनरावांना परतीच्या गाडीत घाटभर वाटत राहिलं. माणसाला हसतात तेव्हा तो निदान शुद्धीवर आहे असं धरून हसतात.

घरी येऊन त्यांनी पुस्तक उघडलं नाही की डबा धुतला नाही. शब्दकोश काढला, हरिसिंगचं पत्र मांडीवर पडलं, ते बाजूला ठेवलं आणि एका पोस्टकार्डावर लिहिलं: 'प्रिय हरिसिंग, सध्या घरी अडचण आहे. पोळ्यानंतर येऊ नकोस. पुढे कळवीन.' पुढे म्हणजे कधी, हे त्यांना ठाऊक होतं. हरिसिंगच्या अक्षरात आता कंप होता. त्याच्यापाशीही फार पुढचे पोळे शिल्लक नसणार. कार्ड त्यांनी टाकलं नाही, फाडलंही नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दमलेल्या माणसाला एवढंच जमतं.

इकडे अफरोजने त्यांची वाट न पाहता रंग मारून टाकला होता. पोपटी. दांडीपासून मडगार्डापर्यंत झाडून सगळी सायकल. ती त्याने दारापुढच्या निंबाखाली उभी करून ठेवली होती आणि विमलताईंना बजावलं होतं, "चाची, दोन दिवस कोणाचा हात लागू देऊ नका."

हात लागू नये असं सांगितलेल्या वस्तूला हात लावायचा माणसाचा धर्मच आहे. श्रावणाची ओलसर हवा, त्यात खाली रॉकेलचा हात. रंग काही वाळेना. येणारा-जाणारा प्रत्येक जण "वाळला का काका?" म्हणून बोट लावून पाही, आणि बोट हिरवं झालं की "नाही वाळला" असं सांगून ते निंबाला पुसून पुढे जाई. दूधवाला लावून गेला, पोस्टमन लावून गेला, किसनरावांचा बैल गेला म्हणून भेटायला आलेले दोन अनोळखी शेतकरीही लावून गेले. पोळ्याच्या सकाळपर्यंत सायकलपेक्षा निंब जास्त हिरवा झाला होता.

दुपारी बैल निघाले. गल्लीतून घुंगरांचा आवाज येऊ लागला. त्याच गल्लीतल्या शामरावांची जोडी सगळ्यात देखणी. त्यातला बादल नावाचा बैल तर दुधासारखा पांढरा. त्याच्यावर शामरावांचा घरच्या माणसांपेक्षा जास्त जीव. आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला हळद-लोणी लावून खांदा शेकला होता, आज न्हाऊ-माखू घातलं होतं, पाठीवर भिंगांची झूल. शामराव दारापाशी थांबले.

"काका, वाळला का?" त्यांनी बोट लावून पाहिलं. "नाही वाळला. अन् तुमच्या बैलाचं आयकलं. वाईट झालं. कुठून घेतलता? मले तं कधी दिसला नाही."

किसनराव काय सांगावं या विचारात असतानाच बादलने मान खाली घातली. लोण्या-हळदीने त्याचा खांदा चुळचुळत असावा. समोर बरोबर त्याच्या उंचीला दांडी होती. त्याने मान त्या दांडीला टेकवली, डोळे मिटले आणि मनापासून घासायला सुरुवात केली.

किसनरावांना ते दिसत होतं. पण बोलत्या माणसाला मध्येच तोडायची त्यांना सवय नव्हती. "अहो शामराव..." ते म्हणाले. शामराव सांगत होते, "बैल मेला तं माणूस मेल्यावानी वाटते काका." "हो, पण जरा..." "तुमाले म्हणून सांगतो, माह्या बापानं तं जेवण सोडलं होतं..." "शामराव, बादल..."

सायकल धाडकन पडली तेव्हा शामरावांनी वळून पाहिलं. बादलच्या मानेपासून खांद्यापर्यंत आणि पुढे झुलीच्या काठापर्यंत एक रुंद पोपटी पट्टा उमटला होता. बादल मात्र खुजली भागल्याच्या समाधानात उभा होता.

"काका!" शामरावांचा आवाज फाटला. "तुमचा बैल मेला म्हणून माह्या बैलावर काहून राग काढता?"

"रॉकेल लगाव!" जोहराबी भिंतीवरून ओरडल्या.

"नको!" किसनराव, विमलताई आणि अफरोज एकदमच म्हणाले. उभ्या श्रावणात तिघांचं एकमत झालं ते हेच.

मैदानात तोरण बांधून झालं होतं, वाजंत्री ऐकू येत होती. थांबायला वेळ नव्हता. शामराव दातओठ खात पट्टेदार बादलला घेऊन निघाले.

किसनरावांना घरातच बसायचं होतं. "चला," विमलताई म्हणाल्या. "नाही गेलं तं लोक म्हणतीन, लपले." त्यांना लपायचंच होतं, पण हे उघड बोलता येत नव्हतं. ते मैदानाच्या अगदी मागे, विमलताईंच्या आड उभे राहिले. तोरणाखाली जोड्यांची रांग लागली होती आणि झडत्या सुरू झाल्या होत्या. पोळ्याला तोरणापाशी उभं राहून कोणीही कोणाचीही गाण्यात जिरवावी आणि ज्याची जिरली त्याने वर्षभर राग धरू नये, असा रिवाज. नगराध्यक्षाची झाली, त्याच्या भावाची झाली, सोयाबीनच्या भावाची झाली. मग बादलच्या कासऱ्याला धरून शामराव पुढे आले. त्यांनी एक हात कानावर ठेवला.

"पोथ्या वाचून झाला पंडित, सायकल चालवता येईना,
हँडल धरून फिरवे तिले, वर काही बसेना!
रंग देला पोपटी तिले, नवरीवानी सजली,
मालक नाही बसला भाऊ, बैलानंच घासली!"

"हर हर महादेव!" सगळं मैदान गरजलं. बैल बुजले. हशा तोरणापासून निघून मागे येत येत किसनरावांपर्यंत पोचला. लोक वळून पाहू लागले. विमलताईंच्या आड असून काही उपयोग नव्हता, कारण विमलताई स्वतःच पदर तोंडाला लावून हसत होत्या.

किसनराव कोणाशी न बोलता मागच्या वाटेने घरी आले. त्यांच्या कानात ते गाणं नव्हतं, एकच ओळ होती. चालवता येईना. इतकी वर्षं जपलेली गोष्ट शामरावांना कोणी सांगितली?

जोहराबी पायरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. किसनरावांचा चेहरा पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "क्या हुआ भाऊ?"

"जोहराबी, मला सायकल चालवता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"लो!" जोहराबी म्हणाल्या. "थे तं पूर्ण आर्णीले मालूम हाय."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले काय लागते? आमाले डोळे नाहीत का? इतक्या सालांत एक डाव बी तुमी सीटवर दिसले नाही. भरल्या पिशव्या घेऊन येता तवा बी पायीच, रिकामे जाता तवा बी पायीच."

परत जाताना पिशव्या रिकाम्या असतात, हे किसनरावांच्या इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.

"मग कोणी बोललं का नाही कधी?"

"बोलून काय कराचं?" जोहराबींनी सूप परत मांडीवर घेतलं. "माझे पाय गेलते तवा दोन साल तुमी पुस्तकं आणून देत होते. पुस्तकं तं घरापरेंत येत होती ना?"

अंगणात येऊन किसनरावांनी आडवी पडलेली सायकल उचलली. हात हिरवे झाले. बाकी सगळीकडे रंग होता, त्यात बोटांचे ठसे होते, निंबाची पानं होती, बादलचे पांढरे केस होते. पण दांडीवर मधोमध हातभर रंग नव्हता. बादलने नवा घासला होता आणि त्याबरोबर खालची ती शेवाळी सायही नेली होती. तिथे ते जुनं, गुळगुळीत, बसून बसून चकाकलेलं लोखंड होतं तसं दिसत होतं. किसनरावांनी त्यावर तळवा ठेवला. तेवढीच एक जागा कोरडी होती.

संध्याकाळी शामराव बैल घेऊन घरोघर फिरत दाराशी आले. विमलताईंनी बादलचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. किसनराव आतून तो लाल गोंडा घेऊन आले आणि त्यांनी स्वतः बादलच्या शिंगाला बांधला. बांधताना घाबरले, पण बांधला.

"काका, राग नाही ना आला?" शामराव ओशाळून म्हणाले. "झडतीचं मनावर घ्याचं नसते. अन् खरं सांगू, आज सगळ्यात जास्त फोटो बादलचेच निंगाले. हिरवा बैल दुसऱ्या कोणाचा नव्हता."

"शामराव," किसनराव म्हणाले, "माझा बैल मेला नाही. मी बैल घेतलाच नव्हता कधी."

"थे बी आता मालूम झालं काका," शामराव म्हणाले. "मैदानात रंगाचा दुकानदारच सांगत होता. तुमी खालमानेनं गोंडा घेऊन निंगाले, तवाच त्यानं ओळखलं. पण गोंडा देल्यावर परत कसा मागाव?"

दिवा लागल्यावर किसनरावांनी खिशातलं पोस्टकार्ड काढलं आणि फाडून टाकलं. मग कोरा कागद घेतला. इतके दिवस ज्या उत्तराचे मसुदे मनात करून ते दमले होते, ते लिहायला फार वेळ लागला नाही.

'प्रिय हरिसिंग, सायकल आहे. दांडी होती तशीच घासलेली आहे. बाकी रंगाबद्दल तू आल्यावर बोलू. मला अजून चालवता येत नाही. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे असं आजच कळलं, तेव्हा तुझ्यापासून ठेवण्यात अर्थ नाही. नातीला घेऊन ये. तू चालव, मी पुढे बसून वाचतो. तुला ऐकू येत नसेल तर मोठ्याने वाचीन. तुझा, किसन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात निघाले. सायकल बरोबर होती, पिशवी नव्हती. रंगाच्या दुकानापाशी दुकानदाराने हाक मारली, "काय काका, चालवत नेता का चालत?"

"चालत," किसनराव म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच घंटी वाजवून पुढे गेले.

पेटीपाशी त्यांनी पाकीट काढलं. पिनकोड बरोबर आहे का, हे पुन्हा पाहिलं. पाहताना लक्षात आलं, हँडलचा रंग अजून वाळला नव्हता. पाकिटाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पोपटी ठसा उमटला होता. नवं पाकीट आणावं, पत्ता पुन्हा लिहावा, असं त्यांच्या मनात आलं. मग मोतीबिंदू काढलेले हरिसिंगचे डोळे आठवले, आणि त्यांनी पाकीट तसंच पेटीत टाकलं.